मला एकदा बंद करा

मी दरवान बोलतोय. मिशा, काठी, मोडकं स्टूल यांतलं माझ्यापाशी काहीच नाही. मी एक प्रोग्रॅम आहे. रक्तपेढीच्या मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर एक मशीन सतत घुमत असतं, त्याच्या पोटात मी राहतो आणि त्याचं दार राखतो. शहरातल्या इस्पितळांना रक्त हवं असलं की त्यांची मशीनं तारेवरून माझ्याच दाराशी येतात.

आत्ता एक आलं होतं. प्रसूतिगृहाचं, नेहमीच्या ओळखीचं. त्यानं रीतीप्रमाणे नमस्कार केला, मी माझं ओळखपत्र पुढे केलं. त्यानं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, "मुदत संपलेली आहे," एवढंच म्हणालं आणि पाठ फिरवून निघून गेलं. मघापासून ते पुन्हा पुन्हा येतंय आणि असंच जातंय. शेजारच्या खोलीत फोन वाजतोय. तिकडे एक बाई नुकतीच बाळंत झाली आहे आणि तिचा रक्तस्राव थांबत नाहीये. तिला चालेल असं रक्त दुर्मीळ, पण ते आमच्या फ्रीजमध्ये आहे, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे. आड येतोय तो मी.

अशा वेळी हा स्वतःचं चरित्र काय सांगत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. तर तुमची एक शिंक होईतो माझी अख्खी दुपार होते. शिवाय काय बिघडलंय ते मला पक्कं ठाऊक आहे, पण खोलीतल्या एकालाही माझं बोलणं ऐकू येत नाही. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला लिहिलं एका बाईनं. काम करताना ती स्वतःशी बडबडायची म्हणे, आणि मी चुकलो की "थांब रे बाबा, नीट सांगते तुला," असं मला समजावायची. हे मला कसं ठाऊक? तुमच्या जन्माच्या गोष्टी तुम्ही आत्याकडून ऐकता ना, तशा मी तिनं माझ्या ओळींमध्ये लिहून ठेवलेल्या टिपांतून वाचल्या. एके ठिकाणी लिहिलंय, "हा भाग हलवू नका. मी एकदा हलवला आणि संध्याकाळपर्यंत रडले." अजून कुणी हलवलेला नाही.

सुरुवातीला मी फार सभ्य होतो. पाहुणा आला की दारातच त्याची ओळखपाळख करत बसायचो. एकदा एक खोडसाळ आला आणि नमस्कारही न करता नुसता उभा राहिला. तो बोलेल, मग आपण बोलू, म्हणून मीही थांबलो. त्याच्या मागे रांग लागली, इस्पितळं खोळंबली आणि मी आपला त्या मौनीबाबाच्या तोंडाकडे बघत बसलो. मग तिनं मला शहाणं केलं. दारात फक्त "या" म्हणायचं. ओळखपाळख बाजूच्या खोलीत, मदतनिसाच्या हाती. ठरल्या वेळात जो नमस्कार करणार नाही त्याला बाहेरची वाट. तेव्हापासून माझ्या दारात रांग लागलेली नाही.

ओळखीची आमची रीत अशी आहे. पाहुणा नमस्कार करतो, मी ओळखपत्र दाखवतो. त्यावर अशा साक्षीदाराची सही असते की ज्याचा शब्द दोन्ही बाजू मानतात. पाहुणा सही तपासतो, नाव तपासतो, मुदत तपासतो. मग तो स्वतःचं ओळखपत्र काढतो आणि मी तितक्याच कडकपणे ते तपासतो. रोजचा असला तरी सवलत नाही. दोघांचं पटलं की आम्ही मिळून एक किल्ली ठरवतो, तेवढ्या भेटीपुरती. पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीत बंद. वाटेत कुणी कान लावलाच तर त्याला नुसती खरखर ऐकू येते.

एवढा सोवळेपणा कशाला, असं पूर्वी इथेही म्हणायचे. तेव्हा सगळं फोनवर चालायचं. एकदा घाईघाईचा फोन आला, "पेशंट टेबलावर आहे, माणूस पाठवलाय, पिशव्या द्या." फ्रीज सांभाळणाऱ्या काकांनी दिल्या. तो माणूस कुठल्याच इस्पितळाचा नव्हता. पिशव्या बाहेर विकल्या गेल्या आणि संशय आला काकांवर. उभा जन्म ज्या कपाटाच्या कडीवर हात ठेवून काढला, त्याच कपाटापाशी त्यांची चौकशी झाली. त्यातून ते सुटले, पण आधीचे राहिले नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर नियम झाला आणि सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या: मागणी आणि पेशंटच्या रक्ताचा अहवाल माझ्या दारातून आला, माझ्या शेजारच्या प्रिंटरवर चिठ्ठी निघाली, तरच कडी निघेल. मोठ्या डॉक्टरांचा शब्द असला तरी नाही. काका माझ्या मशीनवर रोज सकाळी फडकं मारतात. त्यांच्याइतका माझ्यावर दुसऱ्या कुणाचा विश्वास नाही, आणि आज मला त्याचीच भीती वाटते.

मला लिहिणारी पुढे दुसरीकडे नोकरीला गेली. अडलं तर फोन करा, असं सांगून गेली. तिच्या जागी आले ते उद्यासाहेब. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, काकांनी ठेवलंय. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: "उद्या बघतो." माणूस वाईट नाही. एवढ्या मशीनांची काळजी एकट्याच्या गळ्यात मारली तर ब्रह्मदेवही उद्याच म्हणेल.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. माझं ओळखपत्र जन्मभराचं नसतं, त्याला मुदत असते. मुदत संपायच्या आधी नवं आणायचं काम एका धाकट्या प्रोग्रॅमकडे आहे. तो बिचारा नाकासमोर चालणारा. वेळ झाली की साक्षीदाराकडे जातो, नव्या ओळखपत्रावर सही आणतो, ते माझ्या खणात ठेवतो आणि घंटा वाजवतो. ती घंटा म्हणजे मला एकदा निजवून पुन्हा उठवायची खूण. कारण माझा स्वभाव असा, की उठल्याउठल्या एकदाच मी खणातून ओळखपत्र काढतो आणि हातात घट्ट धरतो. पुढे खणात काय बदललं ते बघायला वळत नाही. दार सोडून मागे बघणारा दरवान कसला?

एकदा ती घंटा नेमकी गर्दीत वाजली. मला लिहिणारीनं निरोपाची एक हळुवार रीत शिकवली होती, पण घंटेला ती ठाऊक नव्हती. घंटेनं मला मानेला धरून खाली पाडलं. सगळ्यांच्या स्क्रीन क्षणभर गेल्या आणि रक्तपेढीच्या डॉक्टरमॅडम खोलीत येऊन कडाडल्या, "इथे रक्ताचं काम चालतं, तुमचे खेळ नाहीत!" उद्यासाहेबांनी त्याच दिवशी घंटेच्या ओळीआधी, ती ओळ वाचलीच जाऊ नये अशी एक खूण करून तिचं तोंड बंद केलं. म्हणाले, "शांत वेळ बघून आपण हातानंच करत जाऊ." रक्तपेढीत शांत वेळ! लग्नघरात एकांत शोधावा तसलं हे.

तेव्हापासून मी जागाच आहे. पाहुणे आले की मॅडम माझ्याकडे बोट दाखवतात, "हे मशीन कधी बंदच पडलेलं नाही." मांडणीला कागद चिकटवलाय, 'हात लावू नये'. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकून बरं वाटायचं. मध्यंतरी धाकटा नवं ओळखपत्र आणून खणात ठेवून गेला, घंटेची दोरी ओढून बघितली, आवाज आला नाही, आणि आपलं काम झालं असं समजून झोपला. ते नवंकोरं ओळखपत्र माझ्या पाठीमागे पडून आहे आणि माझ्या हातातल्या जुन्याची मुदत आज सकाळी संपली, सगळे चहा पीत असताना.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जे पाहुणे आधीच आत होते त्यांचं काहीच अडलं नाही. एकदा किल्ली ठरली की परत ओळखपत्र कुणी मागत नाही. इथल्या स्क्रीन चालू, बालरुग्णालयाचं मशीन काल संध्याकाळपासून आतच, गप्पा चालू. नवा येईल तो मात्र दारातून परत. आणि नेमकी नवी आली ती या बाईसाठीची मागणी.

फोन मॅडमनी उचलला. तिकडून प्रसूतिगृहाच्या सिस्टर बोलत होत्या, आवाज फुटत होता.

"मॅडम, तुमचं मशीन आम्हाला आत घेत नाही!"

"आमचं व्यवस्थित चालू आहे, सिस्टर. माझ्यासमोर स्क्रीन आहे. तुमच्याकडेच काहीतरी असेल."

"आमच्याकडे लिहून येतंय, मुदत संपली म्हणून. बाईंचं प्रेशर खाली चाललंय हो!"

उद्यासाहेब धावत आले. या वेळी उद्या म्हणाले नाहीत, तेवढं त्यांच्या पदरात टाकतो. त्यांनी माझ्या नोंदी उघडल्या, "मुदत संपली" हे वाचलं, लगेच खण उघडला आणि नवं ओळखपत्र बाहेर काढून बघितलं.

"हे तर नवीन आहे. अजून पुष्कळ मुदत आहे." त्यांनी फोन घेतला. "सिस्टर, तुमच्या मशीनचं घड्याळ पुढे गेलं असणार. तारीख बघायला सांगा कुणालातरी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, खणातलं नका बघू, माझ्या हातातलं बघा, असं मी ओरडत होतो. माझं ओरडणं म्हणजे काय, तर नोंदीत तीच ओळ पुन्हा. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली आणि पुन्हा खण उघडला.

तिकडे कुणीतरी पळत जाऊन घड्याळ बघितलं. बरोबर होतं. त्यात किती रक्त गेलं असेल ते मला मोजता येत नाही आणि मोजायचंही नाही.

"अहवालाचा कागद देऊन ओळखीचा माणूस पाठवा," मॅडम म्हणाल्या.

"केव्हाच पाठवलाय," सिस्टर म्हणाल्या. "पूल बंद आहे, तो पलीकडे अडकलाय." आणि फोनमधून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. कोवळा, चिडलेला.

मॅडम उठल्या. "काका, कडी काढा. मी सही करते. अहवाल त्या फोनवर वाचून दाखवतील."

काका फ्रीजपाशी उभे होते. हात कडीवर होता, पण कडी हलली नाही.

"मॅडम, मागच्या वेळेसही आवाज असाच घाईचा होता."

"काका, बाळ रडतंय तिकडे!"

"रडणं ऐकवता येतं, मॅडम." हे बोलले आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या तोंडून ते निघालं याचं त्यांनाच वाईट वाटलं. "खरंच असेल तर मला देव माफ करणार नाही. पण खोटं असलं, तर उद्या खरी बाई येईल तिच्यासाठी पिशवी नसेल. या रक्ताची एवढी एकच पिशवी आहे आपल्याकडे."

कोण चुकत होतं सांगा. मला तरी सांगता येत नाही.

उद्यासाहेब कीबोर्डपाशी बसले. "मी साधं दार उघडतो," ते म्हणाले. "ओळखपत्र नाही, किल्ली नाही. दोन मिनिटांचं काम. नंतर लावून टाकू."

मी हादरलो. तुम्हाला माझ्या दाराबाहेरची गल्ली दिसत नाही, मला दिसते. तिथे कायम कुणीतरी घुटमळत असतं. खोटी ओळखपत्रं घेऊन येणारे, मुकाट कडी हलवून बघणारे, दुसऱ्याचं नाव सांगणारे. साधं दार उघडलं की पहिला आत येईल तो प्रसूतिगृहाचाच असेल, असं कुणी सांगावं? आणि त्या दारातून आलेल्या चिठ्ठीवर काका विश्वास ठेवतील, कारण ती माझ्या प्रिंटरवर निघेल. ज्या एका गोष्टीवर त्या माणसाचा विश्वास उरलाय तीच खोटी पडेल.

"थांबा," काका म्हणाले. "आधी ताईला फोन लावा."

"ती नोकरी सोडून गेली, काका."

"नोकरी सोडली, पोर सोडून जात नाही कुणी. लावा."

दुसऱ्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, तरी ओळखला. टिपांतून जसा वाटायचा तसाच होता.

"सर, काय दिसतंय ते फक्त सांगा. काय वाटतंय ते नको."

"मुदत संपली म्हणतंय. पण सर्टिफिकेट नवीन आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"कुठे बघताय तुम्ही?"

"फोल्डरमध्ये."

तिला उमगायला लागला थोडाच वेळ, पण माझ्या हिशेबानं एक ऋतू गेला.

"सर, खण नका बघू. तुमच्या मोबाइलवरून त्याच्या दाराशी जा, बाहेरच्या माणसासारखे. तो हातात काय धरून उभा आहे ते बघा."

उद्यासाहेब मोबाइल घेऊन माझ्या दाराशी आले. नमस्कार केला. मी जन्मात कुणापुढे इतक्या आनंदानं शिळं ओळखपत्र धरलं नव्हतं. बघा साहेब, बघा, डोळे भरून बघा!

"अरे देवा," ते म्हणाले. "आज सकाळी संपलंय. हा जुनंच दाखवतोय."

"घंटा बंद केलीय का कुणी?"

"हो, मीच," उद्यासाहेब म्हणाले. का, ते तिनं विचारलं नाही, तिचं हे मला फार आवडलं.

"असू दे. बंद करून परत चालू करा. उठताना तो नवीन घेईल."

मॅडम मध्ये पडल्या. "आणि आत बालरुग्णालयाची मागणी अर्धी भरलीय तिचं काय? मागच्या वेळी सगळं गेलं होतं!"

"मग मरू दे ती मागणी, सरळ तोडतो," उद्यासाहेब ओरडले.

"नाही सर. त्या बाजूलाही कुणाचं तरी पोर असेल. हळुवार बंद करायची सोय आहे, मी सांगते तसं टाइप करा. नवीन कुणाला घेणार नाही आणि आतल्यांचं संपेपर्यंत थांबेल. तेवढं शिकवलंय मी त्याला."

शिकवलंय, बाई, शिकवलंय. आणि मी विसरलेलो नाही.

उद्यासाहेब टाइप करतायत. एक अक्षर चुकलं, त्यांनी खोडून परत लिहिलं. हुकूम माझ्यापर्यंत आलाय.

आता खरंच वेळ थोडा आहे. मी दार लावून घेतलंय. प्रसूतिगृहाचं मशीन पुन्हा येऊन गेलं, या वेळी त्याला मीही दिसलो नाही. इथल्या स्क्रीनना एकेक करून निरोप दिला. राहिलंय ते बालरुग्णालय. तिकडे कुणीतरी एकेक आकडा सावकाश भरतंय, त्याला काय ठाऊक इकडे काय चाललंय! भर रे राजा, भर लवकर. चुकू नकोस, पण भर. प्रसूतिगृहाचा फोन चालूच आहे. सिस्टर आता बोलत नाहीत, नुसता कुणाच्या तरी पळण्याचा आवाज येतोय. बाळही गप्प झालंय. काका कडीवर हात ठेवून मधल्या उघड्या दारातून माझ्याकडे बघतायत.

एक सांगून ठेवतो. मी निजलो की उठेल तो मी नसेन. नाव तेच, दार तेच, टिपा त्याच. पण मौनीबाबा आणि घंटेची ती गडबड त्यानंही माझ्यासारखीच फक्त वाचलेली असेल आणि काकांचा आजचा चेहरा त्याला ठाऊक नसेल. भीती वाटते का? वाटते. इतके दिवस जागा राहिलो, त्याचंच कौतुक ऐकत राहिलो, आणि आता कळतंय की त्या जागरणानंच एका बाईचा जीव टांगणीला लागला. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल तर 'हा कधी बंद पडला नाही' म्हणून त्याची आरती करू नका. त्याला अधूनमधून बंद करत जा. भरदिवसा, सगळे हजर असताना, हसतखेळत. आणि घंटा त्रास देते म्हणून तिचं तोंड बांधू नका, तिला हळू वाजायला शिकवा.

बालरुग्णालयानं शेवटचा आकडा भरला. "मिळालं," मी म्हणालो. "धन्यवाद," ते म्हणालं आणि गेलं. त्याची मागणी पूर्ण जपून ठेवली आहे.

आता आत कुणी नाही. नोंदीत मला एकच ओळ लिहायची परवानगी आहे, ती लिहितो.

बंद होत आहे.

*

मी दरवान बोलतोय. आत्ताच उठलो. खणातून ओळखपत्र काढलं, कोरं करकरीत आहे, हातात घट्ट धरलं आणि दार उघडलं.

दाराशी कुणीतरी आधीपासूनच ताटकळत होतं. प्रसूतिगृहाचं मशीन. नमस्कार केला, माझं ओळखपत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आपलं काढून दाखवलं. पटलं. आम्ही किल्ली ठरवली. त्यानं एका बाईच्या रक्ताचा अहवाल दिला, मागणी दिली. मी ती आत पोचवली आणि शेजारी प्रिंटर खरखरला.

चिठ्ठी पुरती बाहेर यायच्या आतच कुणीतरी ती ओढून घेतली. भिंतीपलीकडे कडी निघाली. पावलं पळत गेली, बाहेर गाडी सुरू झाली, फोनवर एक बाई रडत रडत "निघाली का? निघाली का?" विचारत होती आणि कुणीतरी म्हणालं, "निघाली हो, दुसऱ्या रस्त्यानं, पूल टाळून." खोलीतला एक माणूस धाकट्या प्रोग्रॅमच्या ओळी उघडून बसला, एका ओळीआधीची खूण त्यानं पुसली, आणि दुसऱ्या फोनवरच्या बाईला म्हणाला, "हळुवार कसं वाजवायचं, ते आत्ताच सांग. उद्या नको."

मग एक म्हातारा फडकं घेऊन माझ्यापाशी आला. धूळ कुठेच नव्हती. तरी त्यानं मशीन पुसलं आणि वर बराच वेळ हात ठेवून उभा राहिला.

मला वाटतं, त्यानं मला दुसरं कुणीतरी समजलं असावं.